‘लेबलं वाचतंय कोण?’ या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक संदेश फिरतोय. वस्तूंवरच्या पर्यावरणविषयक लेबलांचे नियम कडक करणं म्हणे निव्वळ कागदी घोडे नाचवणं आहे. लोक लेबल वाचत नाहीत, वाचलं तर खोटं त्यांना कळतंच, कडक नियमांत छोटे उत्पादक मरतात आणि फारच वाटलं तर क्यूआर कोड छापावा, विषय संपला.

लोक वाचत नाहीत, हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण लेबलाकडे उत्पादकाचंही लक्ष असतं. युरोपात नव्वदच्या दशकात फ्रिजवर ए ते जी अशी वीजवापराची श्रेणी छापणं सक्तीचं झालं. खालची श्रेणी आपल्या मालावर कोणाला हवी असते? यंत्रं इतकी सुधारली की वर ए-प्लसपासून तीन प्लसपर्यंत पायऱ्या जोडाव्या लागल्या. तिथेच नियम फसला. पुढे किमान कार्यक्षमतेची अट वाढली आणि ए-प्लस ही दुकानात मिळणाऱ्या नव्या फ्रिजांमधली सगळ्यात खालची श्रेणी होऊन बसली. गिऱ्हाइकाला मात्र ती पहिल्या नंबरासारखी दिसायची. मार्च २०२१ पासून प्लस काढून टाकले आणि वरची श्रेणी मुद्दाम जवळपास रिकामी ठेवून मोजपट्टी नव्याने आखली. म्हणजे नियमाचा परिणाम होतो, फक्त तो वेळोवेळी दुरुस्त करावा लागतो.

‘खोटं ओळखता येतं’ हा मुद्दा तर मला अजिबात पटत नाही. पेल्यावर ‘कंपोस्टेबल’ लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. फक्त पीएलए या वनस्पतीजन्य प्लास्टिकचा तो पेला कुजायला साधारण ५८ अंशांचं तापमान टिकवणारा औद्योगिक प्रकल्प लागतो. घरच्या कंपोस्टच्या डब्यात तो महिनोन् महिने जसाच्या तसा पडून राहतो. ही अट पेल्यावर कुठे असते? प्लास्टिकवरचा बाणांचा त्रिकोण घ्या. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने आणलेल्या त्या खुणेतला आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, पण बाण पाहून माणूस ‘रिसायकल होतं’ असंच धरून चालतो. २०१३ मध्ये मानकातून बाण काढून साधा त्रिकोण केला, तरी बाणवाले साचे चालूच राहिले. युरोपीय आयोगाच्या २०२० मधल्या पाहणीत तपासलेल्या दाव्यांपैकी ५३ टक्के मोघम, दिशाभूल करणारे किंवा निराधार निघाले. हे सगळं गिऱ्हाइकाने दुकानात उभ्याउभ्या पकडायचं?

छोट्या उत्पादकांचा कळवळा बहुतेकदा मोठ्यांच्याच तोंडी ऐकू येतो, ते असो. तपासणीचा खर्च छोट्यांना जड जातो, हे खरं. त्यासाठी शुल्कात सवलत द्या. पण दावा कराच, अशी सक्ती कोणी केलेली नाही. ‘इको-फ्रेंडली’सारखे मोघम शब्द वापरू नयेत, हे आयएसओ १४०२१ या आंतरराष्ट्रीय मानकात १९९९ पासून आहे, पण ते ऐच्छिक. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात पुराव्याविना असे शब्द वापरायला बंदी घातली. ती सप्टेंबर २०२६ पासून लागू होते. यात प्रामाणिक छोट्याचं नुकसान कसं? दोन शब्द फुकटात छापणारा आणि खरोखर खर्च करून माल सुधारणारा आज एकाच फळीवर सारखेच दिसतात. मार बसतो तो दुसऱ्याला.

राहिला क्यूआर कोड. प्रयोगशाळेचा अहवाल त्यामागे जरूर ठेवा. पण दावा दर्शनी बाजूला ठळक आणि ‘फक्त औद्योगिक प्रकल्पात’ ही अट कोडमागे, हे चालणार नाही. जिथे दावा, तिथेच आणि तेवढ्याच अक्षरांत अट.