रुग्ण कल्याण समितीत रुग्ण कुठे आहे?

सरकारी दवाखान्यात गेलात तर तिथल्या सोयी आणि निधी यांचं ठरवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीत कोण कोण आहे ते एकदा विचारा. अधिकारी असतात, लोकप्रतिनिधी असतात, एखाद्या संस्थेचं कुणीतरी असतं. पण त्याच दवाखान्यात आठवड्यातून तीनदा येणारा पेशंट आणि त्याच्यासाठी बाहेर बाकड्यावर ताटकळणारं माणूस? मला तरी ते कुठल्या समितीत दिसले नाहीत. ते तिथे असायलाच हवेत, आणि नुसती मान डोलवायला नाही, निर्णय घ्यायला.

माझे वडील डायलिसिसवर आहेत. उपचार मोफत आहेत, सिस्टर जीव लावून काम करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण वडिलांची पाळी सकाळी सातची आणि आमच्याकडची पहिली एसटी पोचते साडेआठला. म्हणजे खासगी गाडी करा, नाहीतर आदल्या रात्री येऊन आवारात पथारी टाका. चार तास मशीनवर काढल्यावर माणूस गळून जातो. बीपी उतरतं, उठलं की चक्कर येते. त्याला धरून स्टँडवर न्यायचं, म्हणजे सोबतच्या माणसाचाही रोज बुडालाच. दुपारच्या पाळीत शहरातच राहणारे पेशंट आहेत. पाळ्यांची अदलाबदल करायला एक रुपया लागत नाही. पण हे ठरवताना आम्हाला कुणी विचारलंच नाही. लांबच्या आणि हातावर पोट असलेल्या माणसावर अन्याय होतो तो असा, कुणाच्या मनात नसताना.

बाकड्यावर बसलेल्यांत बायकाच जास्त असतात. फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) कुठल्या हाताला आहे, त्या हाताला बीपीचा पट्टा लावू नका, सुई टोचू नका, हे प्रत्येक नवीन माणसाला त्याच सांगत असतात. पाणी किती प्यायलं, रात्री धाप लागली का, सगळं त्यांच्या डोक्यात. केस पेपरवर यातलं काहीच नसतं.

"पेशंटला काय कळतं?" असं म्हणणाऱ्यांना मी नंदिता व्यंकटेशन यांचं नाव सांगते. टीबीच्या इंजेक्शनमुळे या मुंबईच्या मुलीची श्रवणशक्ती गेली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्याही बाबतीत तेच झालं. दोघींनी मिळून बेडाक्विलिन या टीबीच्या औषधाच्या पेटंटला मुदतवाढ देऊ नका म्हणून हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. स्वस्त जेनेरिक गोळीची वाट त्यातून मोकळी झाली.

आपल्याकडे तर याची चांगली उदाहरणं आहेत. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दवाखाना बांधताना आदिवासींना आधी विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपलं माणूस जवळ राहू देत नाहीत. म्हणून शोधग्राम या त्यांच्या संस्थेच्या आवारातला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा उभा राहिला, नातेवाइकांना पेशंटजवळ राहता येईल असा, आणि नावही लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरी आपल्या आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल शेरा देत आणि जनसुनवाईत डॉक्टरांना, अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारत. गावातल्या बाईने माइक हातात घेऊन "औषध बाहेरून का आणायला लावता?" असं विचारणं आणि साहेबाने त्याचं उत्तर देणं, ही साधी गोष्ट नाही.

म्हणून माझी मागणी अगदी नेमकी आहे. प्रत्येक समितीत दीर्घ आजाराचे दोन पेशंट आणि दोन काळजीवाहक घ्या, त्यात निम्म्या बायका. डायलिसिस, टीबी, सिकलसेल, ज्या भागात जो आजार असेल त्यातले. पाळ्या, औषधखरेदी, नातेवाइकांची राहायची सोय हे विषय त्यांच्याशिवाय मंजूर होऊ नयेत. आणि बैठकीला येणाऱ्याला एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज द्या, नाहीतर ज्याला एक दिवस घरी बसणं परवडतं तोच पुन्हा त्या खुर्चीत येईल.