गांडूळ खत, मिरचीचा तरवा आणि ‘हौशी बायका’

नमस्कार. मिरचीच्या रोपांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘गांडूळ खतात नत्र जेमतेम दीड टक्का. चिमूटभर युरियात काम होतं. हौशी बायकांनी गच्चीवर बसून शेती शिकवू नये. आणि खत न घातलेला ट्रे शेजारी ठेवला होता का?’

आधी ते ‘हौशी’. मी गोव्यातल्या पेडण्याची. माहेरी पाऊस लागला की मिरचीचा तरवा, म्हणजे कोवळी रोपं, काढून लावायला आईबरोबर वाकलेली मीच असायचे. लग्न होऊन डिचोलीला आले, तर मागच्या दारी जांभ्यावर वीतभर माती. तिच्यात लागोपाठ दोन वर्षं माझी रोपं गेली. सकाळी बघावं तर दोन पानांची मिरची मातीलगत बारीक होऊन आडवी पडलेली. त्यातली एक खेप तर तुमच्या त्या चिमूटभर युरियानेच गेली. 46 टक्के नत्र ते. कोवळ्या मुळांना कुठलं सोसायला? पानांच्या कडा करपल्या, चार दिवसांत ट्रे रिकामा. माझे सासरे जन्मभर शेतात राबले, पण ‘बायका’ हा शब्द त्यांनी असा कधी फेकला नाही. गच्ची तर आमच्या घराला नाहीच, कौलं आहेत.

नत्राचा आकडा तुमचा बरोबर आहे. पण रोपांना हे खत मी नत्रासाठी घालतच नाही. चाळलेलं गांडूळ खत चहापुडीसारखं रवाळ असतं. तो रवा ओल धरतो आणि जास्तीचं पाणी खाली सोडतो. जून-जुलैत आमच्याकडे रोप मरतं ते उपासानं कमी, साचलेल्या पाण्यानं जास्त.

एक मात्र माझं चुकलं, प्रमाण लिहायचं राहिलं. चार भाग माती-कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग खत. निम्म्याच्या वर गेलात तर क्षार वाढून रोप खुरटतं.

ट्रेचं म्हणाल तर नव्हता ठेवला. घरचं बी मूठभर असतं, त्यातलं अर्धं मी पारखायला घालवणार नाही. इतकी वर्षं रोपं हाताळतेय, फरक मला दिसतो.

खतावर हवं तितकं भांडा, उत्तर देईन. ‘बायकां’वर पुन्हा लिहिलंत तर प्रतिक्रिया काढून टाकेन.