नारुतोच्या केसांचा ‘ई’

ॲनिमेवाल्यांच्या, म्हणजे जपानी कार्टूनांच्या चाहत्यांच्या, ग्रुपांवर एक फॉरवर्ड दर काही महिन्यांनी उगवतो: इंग्रजी ‘ब्लाँड’च्या (म्हणजे सोनेरी केसांच्या) स्पेलिंगात शेवटी ई असला तर बाई, नसला तर पुरुष. म्हणून नारुतो, सांजी, एडवर्ड एल्रिक या ॲनिमेतल्या सोनेरी केसांच्या पुरुष पात्रांच्या केसांना ई लावणं म्हणजे अडाणीपणा, आणि वर त्यांना बायकी ठरवणं.

आधी तो ‘नियम’ पाहू. शब्द फ्रेंचमधून जोडीनं आला, हे खरं. तिथे तो ‘ब्लाँ’ आणि ती ‘ब्लाँद’. फरक कानाला कळतो. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार एकच, आणि विशेषणाला लिंग लावायची त्या भाषेला सवयच नाही. त्यामुळे ब्रिटनमध्ये ई असलेलं रूप पुरुषांनाही लावतात, अमेरिकेत ई नसलेलं बायकांनाही. माणसालाच ‘ब्लाँड’ म्हणायचं असेल, तर भेद बराच पाळला जातो. फॉरवर्डमध्ये खरं आहे ते एवढंच.

पण वाद केसांचा आहे ना? मग दावा फ्रेंचमध्येही आपटतो. तिथे ‘शव्हू’ म्हणजे केस पुल्लिंगी, म्हणून बाईचे केसही ‘शव्हू ब्लाँ’, ई नाहीच. उलट ‘तेत’ म्हणजे डोकं स्त्रीलिंगी, त्यामुळे मुलग्याचं डोकंही ‘तेत ब्लाँद’. विशेषण जुळतं ते शब्दाशी, केसांच्या मालकाशी नाही. मराठी माणसाला हे समजावावं लागू नये. आजीचे केस पांढरे, आजोबांची दाढी पांढरी; म्हणून आजोबा बायकी झाले का?

‘ब्रुनेटचंही (काळ्या-तपकिरी केसांच्या बाईचंही) तसंच असतं’ म्हणे. त्याचं पुरुषी रूप शब्दकोशात सापडतं, बोलण्यात क्वचितच. आणि ‘रेडहेड’ला, म्हणजे लालसर केसांच्या माणसाला, तर लिंगच नाही.

‘मूळ जपानीतही भेद आहे’ ही मात्र शुद्ध थाप. तिथे शब्द ‘किन्पात्सु’: सोनं आणि केस, दोन कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं. नारुतोला तोच, ‘सेलर मून’ची नायिका उसागी हिलाही तोच. त्याच्या कॉमिकच्या पहिल्याच प्रकरणात नारुतो जुत्सू, म्हणजे निंजाची जादू, करून दोन पोनी घातलेली मुलगी होतो. फॉरवर्डवाल्यांच्या हिशेबानं तेवढ्यापुरता केसांना ई फुटायचा आणि धूर विरला की गळून पडायचा!

मी स्वतः इंग्रजीत नारुतोला ई लावत नाही, निव्वळ सवयीनं. मराठीत सरळ ‘सोनेरी’ लिहितो. त्याच्या शेवटी ई आहेच. अजून कुणी तक्रार केलेली नाही.