पिलं राखणाऱ्या मरळीवर गळ टाकू नका

‘मरळ धरणाऱ्यांसाठी सहा पक्की गुपितं’ नावाचा एक मेसेज रोवणीच्या आधीपासून आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. दुर्लक्ष करणार होतो. पण परवा तो माझ्या भाच्याच्या स्टेटसला दिसला, आणि त्याच संध्याकाळी तो ऑनलाइन मागवलेला रॉड घेऊन साकोलीकडच्या आमच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पारीवर (बांधावर) उभा असलेला सापडला. मी रागावलो तर म्हणतो, “मारतो कायले मामा? फोटो काढतो न सोडून देतो ना!” पोरगा वाईट नाही. त्याला जे वाचायला मिळालं ते त्यानं खरं मानलं. म्हणून हे लिहितो आहे.

मेसेजमधली सहा गुपितं अशी. एक, 120 पौंडांच्या मरळीचा जागतिक विक्रम भारताच्या नावावर आहे, पुढचा विक्रम विदर्भातून होईल. दोन, पावसाळ्यात पाण्यावर लाल पिलांचा थवा दिसला की फ्रॉग (बेडकासारखं रबरी आमिष) थेट त्या थव्यावर टाका, मोठी मरळ लागणारच. तीन, धरून सोडलेल्या माशाचं काहीच नुकसान होत नाही, अमेरिकेत सगळे असंच करतात. चार, माशाला वेदना नसते. पाच, मोठी मरळ म्हातारी असते, अंडी देत नाही, ती घरी नेली तरी चालते. सहा, मासे ढिवरांच्या (इथल्या मासेमार समाजाच्या) जाळ्यांनी संपवले, गळवाले तर संवर्धन करतात.

दुसऱ्या गुपितापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीची चूक आहेत, हे घातक आहे.

पाऊस धरला की तलावाच्या उथळ कडेला, गवतात, मरळीची जोडी थोडी जागा मोकळी करून घेते. अंडी पिवळसर असतात, पाण्यावर तरंगतात, आणि एक-दोन दिवसांत फुटतात. पिलं थोडी मोठी झाली की नारिंगी-लाल दिसतात, बोटाच्या पेराएवढीही नसतात, आणि शेकडोंच्या थव्याने एकत्र फिरतात. हवा घ्यायला सारखी वर येतात, त्यामुळे तेवढ्याच जागचं पाणी चुलीवरच्या भातासारखं रटरटताना दिसतं. त्या रटरटीच्या खाली, हात-दोन हात खोल, आईबाप असतात. कोणी बेडूक जवळ आला, साप आला, दुसरा मासा आला की ते त्याच्यावर तुटून पडतात. काही आठवडे त्यांचं हेच काम असतं.

आता दोन गळांचा रबरी फ्रॉग त्या थव्यावरून ओढला की काय होणार? मरळ येणारच. ती भुकेने येत नाही, पिलांवर धाड आली असं समजून येते. मेसेजमधलं ‘पक्कं गुपित’ म्हणजे एवढंच आहे. यात कसब नाही, पाण्याची जाण नाही. आईबापाच्या राखणीचाच इथं गळ केला आहे.

आणि इथेच तिसरं गुपित कोसळतं. समजा भाच्यासारख्या प्रामाणिक पोराने मरळ धरली. ओढून काठाला आणली, गळ काढला, वजन केलं, मित्राने दोन बाजूंनी फोटो घेतले. मग पारीवर जिथे उभा होता तिथूनच ती पाण्यात सोडली. पिलं मात्र तिथे नाहीत, ती दूर गवतात आहेत. दमलेली मरळ लगेच परत जाईल, जाईलच, याचा काय भरवसा? तेवढ्या वेळात पाणकावळा आहे, खंड्या आहे, पाणसाप आहे, तळ्यातले बाकीचे मासे आहेत. राखणदार हलला की थव्याला खायला तोंडांची कमी नसते. फोटोत मरळ जिवंत दिसते, आणि ती जिवंत असतेही. मेलेल्यांचा फोटो कोणी काढत नाही.

हे मी अंदाजाने सांगत नाही. मेसेजवाल्याला अमेरिकेचा दाखला हवा आहे, तर तिकडचाच घ्या. ‘धरा आणि सोडा’ ही पद्धत तिकडे ज्या माशावर सगळ्यात जास्त चालते तो बास. बासचा नर घरट्यावर बसून अंडी-पिलं राखतो. 1997 साली डेव्हिड फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नॉर्थ अमेरिकन जर्नल ऑफ फिशरीज मॅनेजमेंट’मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला: घरट्यावरचा बास गळाने धरून सोडला तर पुढे काय होतं? उत्तर स्पष्ट आलं. नर दूर असताना दुसरे मासे अंडी-पिलांवर ताव मारतात, आणि धरून सोडलेल्या नरांपैकी बरेच जण घरटंच सोडून देतात. मासा वाचतो, वीण जाते. म्हणूनच कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात अनेक भागांत विणीच्या काळात बासची गळमासेमारी बंद असते. ‘तिकडे सगळे असंच करतात’ म्हणणाऱ्याने तिकडची बंदीही वाचायला हवी होती. बास आणि मरळ वेगळे मासे आहेत, हे मान्य. पण पिलांवर उभं राहून राखण करण्याचं काम दोघांचं एकच आहे, आणि राखणदार उचलला की होणारा परिणामही तोच.

आपल्याकडे तर हे नुकसान जास्त आहे. कटला, रोहू, मृगळ तळ्याच्या साचलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांचं बीज मच्छीमार सोसायटी दरवर्षी विकत आणते, बोटुकली सोडते. ती कमी पडली तर पुढच्या वर्षी जास्त आणता येतात. मरळीचं बीज आमच्याकडे कोणी आणून सोडत नाही. तळ्यात जी मरळ आहे ती तिथेच जन्मलेली आहे. बाजारात तिला रोहू-कटल्यापेक्षा जास्त भाव मिळतो, आणि हा भाव ज्यांच्या घरात जातो ती माणसं रॉडवाली नाहीत. एक थवा गेला म्हणजे दोन वर्षांनंतरच्या हंगामातली मरळ गेली.

तिसऱ्या गुपितात थोडं खरं आहे, तेही सांगतो. मरळ हवा घेणारा मासा आहे. तिच्या कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घ्यायची सोय असते, अंग ओलं राहिलं तर ती पाण्याबाहेर बराच वेळ जगते. रोहू जितक्या लवकर मरतो तितक्या लवकर ती मरत नाही. पण म्हणून तिला तापलेल्या पारीवर किंवा कोरड्या गमछ्यावर लोळवावं असा त्याचा अर्थ होत नाही. अंगावरचा चिकट थर निघाला की जखमांना बुरशी धरते, आणि ते तुम्ही घरी गेल्यावर होतं.

विक्रमाचं गुपित तर सरळ खोटं आहे. मेसेजसोबत जो काळा-पांढरा फोटो फिरतो आहे त्यातला मासा मरळ नाही, नदीत वाढणारा महसीर आहे. तळहाताएवढे खवले दिसत आहेत, तेवढं तरी बघायचं होतं. 120 पौंड, म्हणजे साधारण 54 किलो, हा आकडाही महसीरचाच आहे: म्हैसूरच्या जे. डीवेट व्हॅन इंगेन यांनी 1946 साली काबिनी नदीत धरलेला. आपल्या तळ्यांतली नेहमीची मरळ मीटरभर झाली तरी ती फार मोठी मानतात. मोठ्या जातीची, शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका असणारी मरळ तिच्याहून बरीच वाढते, पण 54 किलो नाही.

शिवाय विक्रम फोटोने होत नाही. 1939 साली स्थापन झालेली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन जगभरच्या गळमासेमारीच्या विक्रमांची नोंद ठेवते. प्रमाणित काट्यावर, जमिनीवर वजन लागतं, वापरलेल्या दोरीचा नमुना द्यावा लागतो, आणि मासा लागल्यावर दुसऱ्या कोणी रॉडला हात लावलेला चालत नाही. किती कडक, तर ऐका. बासचा विक्रम 1932 पासून अमेरिकेतल्या जॉर्ज पेरी यांच्या नावावर होता, 22 पौंड 4 औंस. 2009 साली जपानमध्ये बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून जड मासा धरला. पण फरक एक औंसाहूनही थोडा कमी होता, आणि नियमाप्रमाणे निदान दोन औंस जास्त हवेत. म्हणून 77 वर्षांचा विक्रम मोडला असं धरलं नाही, बरोबरी धरली. कुरितांना खोटं पकडणारी चाचणीही द्यावी लागली. जिथे औंसाचा हिशोब असा होतो तिथे ग्रुपवरच्या फोटोला कोण विचारतो?

माशाला वेदना नसते म्हणे. 2003 साली लिन स्नेडन यांनी ट्राउट माशाच्या ओठांत टोचून दाखवलं की तिथे वेदना ओळखणाऱ्या चेता आहेत आणि मासा त्यानंतर वेगळा वागतो. वाद अजून चालतो, पण ‘नसतेच’ असं छातीठोक सांगायची सोय राहिलेली नाही.

मोठी मरळ म्हातारी, निरुपयोगी, हेही उलटं आहे. मासे वाढतात तशी त्यांची अंडी वाढतात, आणि वजनाच्या प्रमाणापेक्षा जास्त वाढतात. 2018 साली ‘सायन्स’मध्ये समुद्री माशांच्या 342 जातींचा हिशोब आला. त्यात अटलांटिक कॉडची 30 किलोची एक मादी, दोन-दोन किलोच्या 28 माद्यांपेक्षा जास्त अंडी देते असं दाखवलं आहे. तळ्यातली सगळ्यात मोठी मादी ही सगळ्यात शेवटी काढायची असते.

सहाव्या गुपिताने मला सगळ्यात जास्त चीड आली. ढीवर समाजाची सोसायटी ठेक्याचे पैसे भरते, बीज आणते, रात्री राखण करते. भंडारा-गोंदियात मामा (माजी मालगुजारी) तलाव बेशरम नावाच्या झुडपाने भरले तेव्हा ती झुडपं उपटून तिथे देशी पाणवनस्पती लावायला ढिवरांच्या बायामाणसंच चिखलात उतरली, आणि त्या वनस्पतींतच आज मरळ वीण घालते. मासे संपवणारे वेगळे आहेत: बॉम्ब टाकणारे, पाण्यात करंट सोडणारे, विष घालणारे. स्फोटकं आणि विष यांना तर 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. बारीक जाळं लावणाराही कोणी असतो, त्याला सोसायटीच्या सभेत विचारावं लागतं आणि विचारतातही. एका समाजावर बोट दाखवून मोकळं होणं हा अन्याय आहे.

आणि गळवाले संवर्धन करतात का? काही ठिकाणी करतात, हे मला मान्य करावं लागतं. कर्नाटकात कावेरीवरच्या गलिबोरे या गळमासेमारीच्या कॅम्पमध्ये गळवाल्यांनी 1998 ते 2012 पर्यंत धरून सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या. त्याच नोंदींवरून 2015 साली अभ्यासकांना कळलं की महसीर एकूण जास्त लागू लागले, पण तिथला मूळचा कुबडाचा महसीर जवळजवळ नाहीसा झाला आणि हॅचरीत वाढवून सोडलेला निळ्या पराचा महसीर त्याच्या जागी आला. 2018 साली त्या कुबडाच्या महसीरचं शास्त्रीय नाव पक्कं झालं, त्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. त्याच वर्षी तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. व्हॅन इंगेन यांचा 120 पौंडांचा विक्रमी मासा याच नदीखोऱ्यातला. वह्या ठेवणाऱ्या त्या गळवाल्यांना मी मान देतो. पिलांवर फ्रॉग टाकून स्टेटस ठेवणाऱ्यांनी त्यांचं नाव घेऊ नये.

मग गळ टाकूच नये का, असं भाच्याने विचारलं. टाक, म्हटलं. पण पाऊस लागल्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत मरळीसाठी नाही. त्यानंतरही कुठे लाल थवा दिसला तर तिथून दोर गुंडाळायचा. दोन गळांच्या फ्रॉगऐवजी एकच गळ, त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला. मासा ओल्या हाताने, पाण्याजवळच धरायचा. आणि पारीवर चढण्याआधी सोसायटीच्या अध्यक्षाला विचारायचं, कारण तळ्याचा ठेका त्यांचा आहे. पावसाळी बंदीचा ठराव मी आमच्या सोसायटीच्या येत्या सभेत मांडायला सांगितला आहे. ज्यांच्या गावात तलाव आहे त्यांनी आपल्या सोसायटीशी आत्ताच बोलून घ्यावं, कारण थवे यंदाही दिसू लागले आहेत.