"हो बाहेर"

18 वर्षं झाली, नागपुरातल्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवते. "हो बाहेर" असं किती पोरांना म्हटलं असेल, त्याचा हिशेब कधी ठेवला नाही. मागच्या वर्षी ठेवला, एका पोट्ट्यापुरता.

ऑगस्टमध्ये त्याला बाहेर काढलं आणि थोड्या वेळानं सहज डोकावले. व्हरांड्यात उभा राहून तो नखानं भिंतीचा पोपडा काढत होता, अगदी निवांत. ते काही डोक्यातून जाईना. मग वहीत लिहायला लागले: तारीख, तास, वर्गात काय चाललं होतं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत 11 नोंदी झाल्या. त्यातल्या 9 वेळा प्रकटवाचन चालू होतं. त्याची पाळी दोन बाकांवर आली की तो पुढच्याची कॉलर ओढायचा, नाहीतर कोणाचा तरी डबा पाडायचा. मी चिडायचे, तो बाहेर जायचा.

मधल्या सुट्टीत नळावर गाठून विचारलं. खाली मान घालून म्हणाला, "बाहेर उभं राह्यलं त कोनी हासत नाही मॅडम. वाचाले लावलं का सारेच हासते."

मी त्याला शिक्षा करतेय असं समजत होते आणि त्याची दरवेळी सुटका होत होती. सातवीपर्यंत आलेल्या पोराला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, हे मला कळायला इतके महिने लागले.

58 पोरं, मार्चचं ऊन, त्यात एकानं गोंधळ घातला की सगळ्यांचा तास जातो. हे मी रोज भोगते. कधीकधी बाहेर काढावंच लागतं. पण सगळी पोरं सारखी नसतात. एका मुलीला फक्त एकदा, बोलली म्हणून बाहेर काढलं होतं. ती परत आली आणि नंतर वर्षभर तिचा हात वर झाला नाही. ते मला आजही टोचतं.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हीला मनाई आहे. छडी गेली, चांगलंच झालं. पण पोरगं तासभर दाराबाहेर राहिलं, तर आमच्याकडे त्याची कुठंच नोंद नसते. बैठकीत मी तसं रजिस्टर मागितलं. "आहेत ती रजिस्टरं काय कमी आहेत का मॅडम?" म्हणून विषय संपवला.

जूनअखेर शाळा उघडली की पुन्हा मागणार आहे. कोणा शिक्षकाला माझी वही पाहायची असेल तर सांगा, पोरांची नावं झाकून दाखवते.