‘एक काहीतरी धरा’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, तुमची कमेंट सावकाश वाचली. खाली चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हायचं ठरवलं होतं पण ते लांबतच गेलं, म्हणून वेगळं टाकतेय. ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, त्यात मी ईदला श्रीवर्धनच्या खालांकडे गेल्याचं लिहिलं होतं आणि आमच्याकडे उतरलेल्या इस्राएलच्या आजींबद्दल लिहिलं होतं. त्यावर दादा म्हणतात की आमचं कुलदैवत तुमच्या गावात, तुम्ही हरिहरेश्वरासारख्या क्षेत्रात राहता, देवाच्या नावावर खानावळ चालवता आणि गोडवे शिरखुर्म्याचे गाता, जंजिऱ्याच्या सिद्दीने काय केलं तो इतिहास विसरलात, सगळे धर्म सारखेच म्हणणारी ही गुळमुळीत श्रद्धा काही कामाची नाही, एक काहीतरी धरा. आणि शेवटी, मुलाला काय शिकवणार?

पहिली गोष्ट, सगळे धर्म सारखे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचून बघा हवं तर. मला ते वाक्यच आवडत नाही, कारण ते बहुतेक वेळा अशीच माणसं बोलतात ज्यांना दोन्हीकडचं काही पाळायचं नसतं. आमच्याकडे सगळे पाळणारे आहेत, म्हणून तर गंमत आहे.

आता मोदकांचंच बघा. माझ्या सासूबाई कडक. सोवळं, नैवेद्य, काळभैरवाला आधी मग हरिहरेश्वराला मग परत काळभैरवाला, यात इकडचं तिकडे चालत नाही. आणि खालाही तितक्याच कडक, पाच वेळची नमाज, रोजे, सगळं. या दोघींची ओळख सुपारीतून झाली, खालांचे मालक आमच्या वाडीतली रोठा सुपारी विकत घ्यायचे, सासरे आणि ते पडवीत बसून भावावरून तास तास घासाघीस करायचे आणि या दोघी आत माजघरात. तर गणपतीत खालांकडे मोदक जायचे. एका वर्षी खालांनीच सरळ सांगितलं, वहिनी, देवाला दाखवलेलं आम्हाला चालत नाही, द्यायचे तर आधी काढून ठेवा हो. मी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, मला ते ऐकून कसंतरीच झालं, प्रसादाला नाही म्हणतात म्हणजे काय! सासूबाईंना काहीच वाटलं नाही. बरं म्हणाल्या. तेव्हापासून पहिल्या वाफेचे मोदक उतरले की त्या केळीच्या पानावर निवत ठेवतात आणि एकवीस नैवेद्याचे मोजायच्या आधी खालांचा स्टीलचा डबा भरून, झाकण लावून, मागच्या ओटीवर नेऊन ठेवतात. आणि झाकण लावलं की पुन्हा हात धुतात, कारण अजून नैवेद्य व्हायचाय.

ईदला उलट. सासूबाई त्यांच्या घरी शिजलेलं खात नाहीत. हे खालांना कोणी सांगावंही लागलं नाही. शिरखुर्मा मी पिते, नवरा पितो, मुलगा तर वाटी चाटतो, पण सासूबाईंसाठी वेगळी पिशवी असते, त्यात कोऱ्या शेवया, खजूर, साखर, चारोळी. घरी येऊन त्या आपल्या भांड्यात आपल्या दुधात त्याची खीर करतात आणि चव कशी झाली ते खालांना फोनवर सांगतात. बकरी ईदला तर आमच्याकडे काही येतच नाही, फक्त फोन येतो. तुम्ही पुण्याला बसून याला काय म्हणाल मला माहीत नाही. एखादा म्हणेल बघा किती हा भेदभाव. दुसरा म्हणेल बघा किती हा लाळघोटेपणा. मला यात फक्त दोन बायका दिसतात ज्यांना आपली रेघ कुठे आहे हे पक्कं ठाऊक आहे आणि समोरचीची कुठे आहे तेही, आणि त्या रेघेवरून कधी रुसवाफुगवी झालेली मी पाहिली नाही. रुसवे झाले ते सुपारीच्या पैशांवरून झाले, चांगले वर्षभर बोलणं बंद होतं, पण तो वेगळा विषय.

आता इतिहास. दादा, श्रीवर्धनजवळ राहून सिद्दी विसरता येत नाही हो. पुढे पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे, ते सिद्दीच्या जाचामुळे गाव सोडून घाटावर गेले हे इथलं शाळकरी पोर सांगतं. १७२७ मध्ये सिद्दी सातने चिपळूणजवळचं परशुरामाचं देऊळ लुटलं, फोडलं, पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना तिथून उठावं लागलं आणि मग त्यांनी पेशव्यांच्या मागे लकडा लावला आणि १७३३ मध्ये जंजिऱ्यावर मोहीम निघाली. हे सगळं खरं आहे, ते मी झाकत नाही आणि खालांसमोरही झाकत नाही, त्यांच्या मुलाचा आणि माझ्या नवऱ्याचा यावर वाद झालेला आहे, आवाज चढवून. पण इतिहास तेवढ्यावर संपवायचा कसा? बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी घाला, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरा, तिथून पुढे केळशीला जा. तिथे याकूबबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराज ज्यांना मानायचे त्या साधुसंतांत केळशीच्या बाबा याकूतांचं, म्हणजे याच याकूबबाबांचं, नाव येतं. आणि महाराज जंजिऱ्याच्या सिद्दीशी जन्मभर लढले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. महाराजांना कोणी ‘एक काहीतरी धरा’ म्हणालं होतं का?

दर्ग्याचं निघालंच आहे तर, तुम्ही लिहिलंय मी दर्ग्यात डोकं टेकवते. नाही टेकवत. गेले होते, बाहेर बसले, छान गार वाटलं, परत आले. गंमत म्हणजे खालांच्या मुलालाही ते पसंत नाही, गल्फमधून आल्यापासून तो म्हणतो उरूस, चादर, नवस हे आपल्यात बसत नाही. खाला ऐकून घेतात आणि उरुसाला जातात. म्हणजे एकाच घरात दोन मतं. आपल्याकडे नाहीत का? आमचे सासरे श्राद्धपक्ष काटेकोर करायचे आणि त्यांचे सख्खे भाऊ कशालाच मानायचे नाहीत, जेवायला मात्र पहिल्या पंगतीला.

इस्राएलच्या आजींबद्दल तुम्ही ‘ते लोक वेगळे, त्यांचं ठीक आहे’ असं एका वाक्यात उडवलंत, ते मला जास्त खटकलं. ते लोक वेगळे नाहीत, इथलेच आहेत. बेने इस्राएल म्हणजे आपले कोकणातले ज्यू, त्यांची अशी परंपरागत कथा आहे की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात जोडपी वाचली. पुढे तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणायचे. आडनावं आपल्यासारखीच गावावरून, किहीमची ती किहीमकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १७९६ सालचं, ते बांधणारे सॅम्युएल दिवेकर. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. आता अलिबागेत इस्राएल आळी आहे, सिनेगॉग आहे, माणसं मोजकी.

आमच्याकडे उतरल्या त्या आजी लहानपणी गेलेल्या. मराठी अशी की आमच्या सासूबाईंनाच जुने शब्द आठवायला लागले. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत त्यांनी खोलीत दिवा लावला आणि मला सांगितलं, बाळे, उद्या पैशाचं काही बोलू नको, बिल करू नको, मी उद्या पैशाला हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं तरी संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत थांबल्या. नातू फोनवर होता, त्याला तसलं काही नव्हतं. पुढे त्यांना अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याकडे जायचं होतं, तिथे एका कातळावर एलियाहू हनावी या त्यांच्या प्रेषिताच्या रथाच्या खुणा आहेत असं ते मानतात, तिथे मलिदा, म्हणजे नवसाचा प्रसाद, करायचा होता, कसला तरी नवस राहिला होता म्हणे. पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, फळं. नारळ आमच्या वाडीतले घेतले, सासूबाईंनी निवडून, सोलून, शेंडी ठेवून दिले, तर आजी म्हणाल्या शेंडी नको गं, आम्हाला काय करायची आहे. देवळात त्या आल्या नाहीत. मूर्तीपुढे जायचं नसतं आम्ही, असं स्वच्छ म्हणाल्या, आणि आम्ही दर्शन घेऊन येईपर्यंत बाहेर समुद्राकडे तोंड करून बसून राहिल्या. मला ते देवळात येऊन फोटो काढून ‘सो पीसफुल’ म्हणणाऱ्या पर्यटकांपेक्षा कितीतरी बरं वाटलं.

आता माझ्या श्रद्धेचं. ‘देवाच्या नावावर खानावळ’ हे तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत पण ते खरंच आहे, नाकारायचं काय त्यात. फक्त क्षेत्रात राहणं म्हणजे काय असतं ते बाहेरून येणाऱ्याला कळत नाही. तुम्ही वर्षातून एकदा येता, घाटातून उतरताना समुद्र दिसतो, तुमचे हात जोडले जातात. आम्हाला देव रोजचा. विधीला आलेल्या लोकांची जेवणं, लॉजच्या चादरी, पार्किंगवरून भांडणं, प्रदक्षिणेच्या वाटेवर प्लास्टिक, आणि भरतीच्या वेळी कातळावर सेल्फीला उतरलेल्या पोरांना ओरडून ओरडून घसा बसणं. यात देव राहतो कुठे? लोक म्हणतात क्षेत्रात भक्ती आपोआप येते. आपोआप फक्त सवय येते.

एकदा खालांकडे बसले होते, सुपारीचं गिऱ्हाईक दारात, पैसे मोजणं चालू, आणि अजान झाली. खालांनी नोटा तशाच फडक्याखाली ठेवल्या, गिऱ्हाइकाला बसा म्हणाल्या आणि आत गेल्या. तो बिचारा बसला. मला इस्लाम नाही पटला त्याने, मला घरी जाऊन दिवा लावावासा वाटला. तेव्हापासून तिन्हीसांजेला दिव्याच्या वेळी आमचा बुकिंगचा फोन बंद असतो, लोक चिडतात, रिव्ह्यूत लिहितात, लिहू देत. तुम्ही म्हणता अशा संगतीने श्रद्धा पातळ होते. माझी तर अशी घट्ट झाली, आता यावर तुमच्याशी वाद कसा घालू.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा मोहल्ल्यातून जनरेटर आला, विहिरीवरचा पंप त्यावर चालवला, हे बऱ्याच जणांना माहीत आहे आणि कोणी ना कोणी ते ‘बघा एकोपा’ म्हणून सांगतंच. मी मागच्या पोस्टमध्ये मुद्दाम नव्हतं लिहिलं. संकटात माणसं येतातच, त्याला धर्म लागत नाही. अख्ख्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, त्यांच्याही आणि आमच्याही, तेव्हा कोण कोणाचं काय बघणार. खरा प्रश्न साध्या दिवसांचा असतो, मोदकाच्या डब्याचा.

आणि चंद्र दोघांचा एकच आहे, हे कवितेसारखं नाही, हिशोब म्हणून सांगते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, साधारण सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. खाडीतले मुसलमान नाखवे हाच हिशोब चांदच्या तारखेने धरतात, त्यांचा चांद आपल्या अमावास्येनंतर दिसतो तेव्हापासून मोजायचा, एखाद-दोन दिवसांचा फरक. वर्ष मात्र जमत नाही, कारण आपण अधिक महिना घालून गाडी रुळावर आणतो, ते घालत नाहीत, म्हणून त्यांची ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि गणपती भर पावसातच राहतात. यावर खालांचे मालक सासऱ्यांना चिडवायचे, तुम्ही चंद्राला फसवता. सासरे म्हणायचे तुम्ही ऋतूंना. दोघंही आता नाहीत.

तुम्ही दर्शनाला येणारच आहात तर प्रदक्षिणेची वेळ असाच हिशोब करून ठरवा, पण शेवटचा शब्द तिथल्या जीवरक्षकाचा. कातळाच्या फटीतल्या पायऱ्या उतरलात आणि पाणी वर आलं की परतायची वाट राहत नाही, इथे माणसं गेलेली आहेत.

राहिला मुलगा. त्याचा वर्गमित्र मोहल्ल्यातला आहे, त्याचं बघून यानेही एक दिवस रोजा धरतो म्हणून जाहीर केलं आणि मधल्या सुट्टीपर्यंत टिकला. मी ना अडवलं ना कौतुक केलं. आजीने मात्र एकादशी धर म्हणून सांगितलं, तीही त्याने धरली, साबुदाण्याच्या खिचडीमुळे ती जरा जास्त टिकली. अथर्वशीर्ष त्याचं पाठ झालंय, रुद्राचे अकरा अनुवाक आहेत त्यातला पहिला चालू आहे, आजोबांच्या ओळखीचे गुरुजी शिकवतात, उच्चार माझ्यापेक्षा बरे आहेत. आलात की त्याला समोर बसवून म्हणवून घ्या, चुकला तर थांबवा. जेवायला किती जण आहात ते आदल्या दिवशी कळवा, फक्त तिन्हीसांजेला फोन करू नका.