चार ओळींची बातमी

सप्टेंबर २०१७. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेलेली, हवा कोंडलेली, आणि आमच्या तालुक्यातला एक मजूर फवारा मारता मारता धुऱ्यावर कोसळला. मी बातमी पाठवली. पान पाच, एका कॉलमात चार ओळी : ‘फवारणी करताना विषबाधा, मजूर अत्यवस्थ’. दोन दिवसांनी शेजारच्या तालुक्यातून तशाच चार ओळी आल्या, मग तिसऱ्यातून. ज्यानं त्यानं आपापल्या गावची बातमी दिली आणि मोकळा झाला. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात खाटा पुरेनात तेव्हा कुठं आमची ट्यूब पेटली. जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. शेकडो भरती झाले.

हे सगळं आता आठवायचं कारण वेगळंच. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयसीआयजे या शोधपत्रकारांच्या जागतिक जाळ्यानं ‘कॉइन लॉन्ड्री’ नावाचा तपास बाहेर काढला. शंभरावर पत्रकार, पस्तीस देश, विषय क्रिप्टोतून, म्हणजे आभासी चलनातून, फिरणारा काळा पैसा. गावातला पोरगा दोन-चार हजारांसाठी आपलं बँक खातं भाड्यानं देतो, त्या खात्यातून सरकणारा फसवणुकीचा पैसा शेवटी कोणत्या दिशेनं जातो, त्याचं दुसरं टोक मला तिथं दिसलं. टपरीवर हे सांगत होतो तर एक काका म्हणाले, ‘‘तुले काहून पायजे बावा त्या परदेशातल्या भानगडी? तू आपली बाजारभावाची बातमी टाक.’’

काकांना तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता देतो.

आयसीआयजे सुरू झाली १९९७ साली. पनामा पेपर्सच्या, म्हणजे परदेशी कंपन्यांत दडवलेल्या पैशांच्या फुटलेल्या कागदांच्या वेळी, २०१६ मध्ये, तिच्या तीनशे सत्तरवर पत्रकारांनी एक कोटी पंधरा लाख कागद चाळले. आइसलँडच्या पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं. पण मला त्या कागदांच्या ढिगाचं अप्रूप नाही. अप्रूप याचं, की इतकी माणसं वर्षभर गप्प बसली. ठरलेल्या दिवसाच्या आधी कुणी ‘सर्वप्रथम आमच्याकडे’ म्हणून बातमी फोडली नाही. आमच्याकडे चार पत्रकार एका पंचनाम्याला गेले, तर तिघं चौथ्याला चुकवून फोटो टाकतात. मीही टाकलेत, खोटं कशाला बोलू.

आता फवारणीचं पुढचं ऐका. २०१७ च्या हंगामात वापरलं गेलेलं एक कीटकनाशक औषध स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या कंपनीचं होतं. खुद्द स्वित्झर्लंडमध्ये त्याची परवानगी २००९ मध्येच गेलेली. ‘पब्लिक आय’ ही तिथली संस्था इथल्या संघटनांना सोबत घेऊन मागे लागली आणि त्यांनी पुढे आणलं, की यवतमाळ पोलिसांच्या नोंदींत त्या औषधाशी जोडलेली ९६ प्रकरणं आहेत. कंपनीला जबाबदारी मान्य नाही. सप्टेंबर २०२० मध्ये बळी गेलेल्यांच्या दोन पत्नी आणि वाचलेला एक शेतकरी यांनी बासेलमध्ये दाद मागितली. त्याच महिन्यात ‘पब्लिक आय’ आणि ब्रिटनमधल्या ‘अनअर्थेड’च्या पत्रकारांनी आणखी एक गोष्ट उघड केली : युरोपनं स्वतःच्या शेतात बंदी घातलेली ८१ हजार टनांवर कीटकनाशकं २०१८ या एका वर्षात बाहेर पाठवायला मंजुरी दिली होती. माहिती मिळवली कशी? सरकारी यंत्रणेकडे अर्ज करून. आपल्याकडे दहा रुपयांचं तिकीट लावून करतो तसाच. पुढं २०२१ पासून स्वित्झर्लंडनं त्या औषधाची निर्यातच थांबवली.

पोलिसांच्या त्या नोंदी यवतमाळात होत्या. माझ्या गावाहून एसटीनं दीड तास. मी गेलो नाही, कारण त्या आठवड्यात दिवाळी पुरवणीच्या जाहिराती गोळा करायच्या होत्या. तालुका वार्ताहराला पगार नसतो, जाहिरातीवर कमिशन असतं. आणि जाहिरात देणाऱ्यांत पहिला नंबर हीच फवारणीची औषधं विकणाऱ्या कृषी केंद्राचा. पुढं काय ते समजून घ्या.

या जाळ्यांबद्दल एक तक्रारही आहे. बाहेरून येणारी टीम आमची मोटारसायकल घेते, आमच्या ओळखी घेते, बळी गेलेल्याच्या बायकोच्या घरी आमच्या शब्दावर चहा पिते, आणि छापताना आम्ही ‘स्थानिक सूत्र’ होतो. नाव छापा, नाहीतर मजुरी तरी द्या. ते परत गेल्यावर त्याच कृषी केंद्रासमोरून रोज आम्हालाच जावं लागतं.

आणि ते जाणं दरवेळी साधं नसतं. छत्तीसगडमधलं बिजापूर आमच्या गडचिरोलीला लागून. तिथल्या मुकेश चंद्राकर या तरुण पत्रकारानं रस्त्याच्या कामातला घोळ बाहेर आणला. ३ जानेवारी २०२५ ला त्याचा मृतदेह सेप्टिक टँकमध्ये सापडला, वरून काँक्रीट ओतलेलं. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण नेमणूकपत्रच नसलेल्या माझ्यासारख्यानं ‘मी पत्रकार’ हे ठाण्यात कसं पटवायचं?

म्हणून पॅरिसच्या ‘फॉरबिडन स्टोरीज’ची रीत मला पटते. पत्रकाराला मारलं, तर त्याची अर्धी राहिलेली बातमी इतरांनी मिळून पुरी करायची. माल्टाच्या डॅफ्ने कारुआना गालिझियाला २०१७ मध्ये गाडीतल्या स्फोटात मारलं, तेव्हा १८ माध्यमांनी तिचं काम पुढं नेलं. धोक्यातल्या पत्रकारांना आपली कागदपत्रं आधीच सुरक्षित ठेवता यावीत, म्हणून त्यांची ‘सेफबॉक्स’ नावाची सोयही आहे. माझा सेफबॉक्स म्हणजे बहिणीकडची गव्हाची कोठी. त्यात पेन ड्राइव्ह. बहीण विचारते, ‘‘दादा, गहू दळाले काढू का नको?’’

काका, सीमा म्हटलं की तुम्हाला विमान आठवते. माझी सीमा पैनगंगा आहे. पात्रात आमच्या बाजूला रेती भरली जाते आणि ट्रॅक्टर पलीकडे तेलंगणात निघतो. आदिलाबादकडच्या एका तेलुगू वार्ताहराशी माझी तोडक्यामोडक्या हिंदीत मैत्री झाली. तो तिकडून फोटो पाठवतो, मी इकडून. वेळा जुळल्या की दोघं एकाच दिवशी छापतो. आतापर्यंत दोनदा जमलं. एकदा त्याच्या डेस्कनं आदल्या दिवशीच लावली, तर तीन दिवस आमचा अबोला.

यंदा फवारणीच्या हंगामासाठी मी एक साधा तक्ता केलाय : तारीख, गाव, औषधाचं नाव, पंप कोणता, दवाखाना कोणता. रुग्णाचं नाव त्यात येणार नाही. घाटंजी, आर्णी, केळापूर, मारेगाव, झरी इथल्या वार्ताहरांनी इनबॉक्समध्ये या. ज्यानं नोंद दिली त्याचं नाव बातमीत छापून येईल, हा शब्द माझा. जाहिरातीच्या टार्गेटचं रडगाणं मात्र तिथं नको, त्यासाठी आपला जुना ग्रुप आहेच.